लैंगिक शिक्षण : विधिमंडळात आणि छोट्या पडद्यावर

आपल्याकडील अभ्यासवर्गांत राज्यघटना, शिक्षण, आरक्षण, व्यसनमुक्ती, अंधश्रद्धा निर्मूलन अशा विषयांवर व्याख्याने होतात, चर्चा होतात. एक विषय मात्र दरवर्षी राहून जातो. तो म्हणजे लैंगिक शिक्षण आणि नको असलेली गर्भधारणा टाळण्याचे ज्ञान. हा विषय निघाला की वडीलधारी मंडळी घसा साफ करतात, महिला मंडळातील भगिनी पदर सावरतात आणि विद्यार्थी खाली मान घालून हसतात. परंतु जो विषय आपल्या घरात बोलला जात नाही, तो या राज्याच्या विधिमंडळात जवळजवळ नव्वद वर्षे बोलला जात आहे आणि घरातल्या टी.व्ही.वर चाळीस वर्षांहून अधिक काळ दिसत आहे. तेथे काय बोलले गेले, काय दाखवले गेले आणि काय टाळले गेले, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयात शिरण्यापूर्वी तीन शब्दांमधील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिला शब्द 'लोकसंख्या नियंत्रण'. हा राज्यकर्त्यांचा शब्द होय. देशात माणसे किती असावीत, हा त्याचा प्रश्न. दुसरा शब्द 'संततिनियमन'. हा जोडप्याचा, त्यातही प्रामुख्याने स्त्रीचा शब्द. मूल केव्हा हवे, किती हवीत, की नकोच, हा त्याचा प्रश्न. तिसरा शब्द 'लैंगिक शिक्षण'. हा विद्यार्थ्याचा शब्द. आपले शरीर कसे चालते, पाळी का येते, गर्भ कसा राहतो, रोग कसा होतो, नकार कसा द्यावा आणि दुसऱ्याचा नकार कसा मानावा, हे त्याचे प्रश्न.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या राजकारणाने आणि दूरचित्रवाणीने पहिल्या शब्दाचा गाजावाजा केला, दुसरा अर्धवट सांगितला आणि तिसरा टाळला. वास्तविक क्रम उलटा हवा होता. शिक्षण असेल तर जोडपे विचाराने निर्णय घेते. आणि जोडप्यांनी विचाराने निर्णय घेतले, तर संख्येचा प्रश्न सक्तीवाचून मार्गी लागतो.

'समाजस्वास्थ्य'चा खटला

महाराष्ट्रात या ज्ञानाचा पाया घातला तो प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मतांची किंमत म्हणून त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, पदरमोड करून, ते चालविले. त्यांच्या पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ च्या खटल्यात कर्व्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. लोकांनी आपल्या लैंगिक अडचणी पत्राने विचारल्या आणि संपादकाने त्यांना शास्त्रीय उत्तरे दिली, एवढाच काय तो गुन्हा. या खटल्यात कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा नुकत्याच आटोपल्या होत्या. देशभर नाव झालेल्या नेत्याने अशा 'बदनाम' विषयाचे वकीलपत्र घेऊ नये, असा व्यवहारी सल्ला त्या काळी कोणीही दिला असता. बाबासाहेबांनी मात्र न्यायालयात भूमिका मांडली ती अशी, की लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही. लोकांना शंका आहेत, त्या दूर झाल्या पाहिजेत, आणि उत्तर न देणे म्हणजे त्यांना अज्ञानात ठेवणे होय. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. परंतु शंकेला उत्तर मिळण्याचा सामान्य माणसाचा हक्क या खटल्याने न्यायालयाच्या दारात नेऊन उभा केला, हे विसरून चालणार नाही.

१९३८ चा ठराव

चार वर्षांनी हाच विषय विधिमंडळात आला. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबई प्रांताच्या विधानसभेत निवडून आला होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा अशासकीय ठराव मांडला. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते. त्यांचे म्हणणे रोहम यांनी सभागृहापुढे ठेवले.

या ठरावात सरकारकडे दोनच गोष्टींची मागणी होती. एक, सामान्य जनतेत संततिनियमनाचा जोराने प्रचार करावा. दोन, त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात. प्रचार आणि सोयी, म्हणजेच ज्ञान आणि साधन. त्यात दंड नाही, शिक्षा नाही, सक्ती नाही. विद्यार्थ्यांनी ही बाब मुद्दाम लक्षात ठेवावी, कारण पुढे याच राज्याच्या विधिमंडळात अगदी उलट प्रकार घडला.

भाषणातील युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. वारंवारच्या बाळंतपणाने स्त्रियांचे आरोग्य कसे ढासळते, बालमृत्यू किती होतात, गरिबाच्या घरात वाढत्या तोंडांनी शिक्षणाचा पैसा कसा संपतो, हे त्यात आहे. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एका मुलापलीकडे कोणी तयार झाला नसता, अशा अर्थाचा रोखठोक सवालही आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या स्त्रीला कोणत्याही कारणाने गर्भधारणा नको असेल तिला ती टाळता आली पाहिजे, मूल व्हावे की न व्हावे हे तिच्या इच्छेवर अवलंबून असले पाहिजे, असे तत्त्व त्यात स्पष्टपणे मांडले आहे. हे सांगितले गेले तेव्हा देश स्वतंत्र व्हायचा होता. सभागृहाने बहुमताने हा ठराव फेटाळला.

लाल त्रिकोण ते नसबंदीची सक्ती

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेतला. राष्ट्रीय पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत हा जगातील पहिला देश मानला जातो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात उलटा लाल त्रिकोण आला आणि दवाखान्यांच्या भिंतींपासून एस.टी.च्या पाठीपर्यंत सर्वत्र दिसू लागला. १९६८ मध्ये 'निरोध' बाजारात आला. तीन नगांचे पाकीट १५ पैशांना. चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वितरकांमार्फत तो गावोगावच्या दुकानांत पोहोचला. साधन पोहोचले ही मोठीच गोष्ट झाली. मात्र ते मागायचे कसे आणि वापरायचे कसे, हे सांगणारा माणूस दुकानात नव्हता.

याच काळात महाराष्ट्राने देशाला एक विधायक गोष्टही दिली. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने १९६४ मध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. चोरून, अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातात स्त्रिया मरत आहेत, हे समितीने पुढे आणले. १९६६ मध्ये अहवाल आला. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

त्यानंतर आणीबाणी आली. एप्रिल १९७६ च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा करण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वर्षी कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक संमत केले. तीन अपत्यांनंतर सक्तीची नसबंदी, असा त्याचा गाभा होता. ज्या राज्याच्या सभागृहाने १९३८ मध्ये केवळ प्रचार आणि सोयी मागणारा ठराव नाकारला, त्याच राज्याच्या विधिमंडळाने ३८ वर्षांनी सक्ती मान्य केली. सुदैवाने राष्ट्रपतींची संमती मिळून हा कायदा कधी अमलात आला नाही. पण देशभर १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पुरुषांची संख्या फार मोठी होती. यात भरडला गेला तो प्रामुख्याने गरीब, दलित, मुस्लिम, झोपडपट्टीत राहणारा माणूस. ज्याचा वशिला नव्हता, तोच 'लक्ष्य' पूर्ण करण्यासाठी सापडला.

१९७७ च्या निवडणुकीत सत्ता गेली. 'कुटुंबनियोजन' हे नाव बदलून 'कुटुंबकल्याण' झाले. राजकारण्यांनी यातून एक धडा घेतला. तो म्हणजे पुरुषाला हात लावायचा नाही. सक्ती वाईट, म्हणून शिक्षणाकडे वळले पाहिजे, हा दुसरा धडा मात्र कोणी घेतला नाही.

दोन अपत्यांची अट

पुढे सक्तीचे रूप बदलले. महाराष्ट्राने ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वासाठी दोन अपत्यांची अट घातली. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनपेक्षा अधिक झाली, तर सदस्यत्व अपात्र ठरते. २००५ मध्ये शासकीय सेवेसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम आले. हरियाणातील अशाच अटीला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरविले.

लहान कुटुंबाला आमचा विरोध नाही. प्रश्न वेगळा आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागेवर आपल्या भगिनी सरपंच झाल्या. तिसरे मूल व्हावे की न व्हावे हा निर्णय ज्या घरात सुनेच्या हाती नसतो, सासू आणि नवरा मुलाचा हट्ट धरतात, त्या घरातील स्त्रीचेच पद या अटीने जाते. निर्णय एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा न्याय आहे.

संख्येचे राजकारण किती चंचल असते, हेही पाहण्यासारखे आहे. आंध्र प्रदेशात अशीच अट होती. २०२४ मध्ये तेथील विधानसभेने ती रद्द केली, आणि तेथील मुख्यमंत्र्यांनी लोकांना अधिक मुले होऊ द्या असे आवाहन केले. कारण लोकसंख्या म्हातारी होण्याची आणि लोकसभेतील जागा कमी होण्याची भीती. काल कमी हवी होती, आज जास्त हवीत. दोन्ही वेळा स्त्रीला विचारले गेले नाही.

छोट्या पडद्यावर

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण कुटुंबनियोजनासाठी मालिकेचा वापर करण्याची कल्पना आली ती मेक्सिकोतून. तेथील निर्माते मिगेल साबिदो यांनी १९७७-७८ मध्ये कुटुंबनियोजनाचा संदेश गुंफलेली मालिका काढली होती. १९८२ मध्ये तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या मेक्सिको दौऱ्यानंतर असा प्रयोग आपल्याकडे करण्याचे ठरले. त्यातून 'हम लोग' ही मालिका जन्मली. ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५ या काळात ती चालली. मनोहर श्याम जोशी लेखक आणि पी. कुमार वासुदेव दिग्दर्शक. प्रत्येक भागाच्या शेवटी दादामुनी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलत. आमच्या पिढीतील अनेकांना ते आजही आठवत असतील.

बसेसर राम या दारुड्या, बेकार गृहस्थाचे पाच मुलांचे कुटुंब दाखवून लहान कुटुंबाचे महत्त्व पटवायचे, असा मूळ बेत होता. पहिल्या १३ भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश ठळक होता. प्रेक्षकांना तो रुचला नाही. मग उपदेश पातळ केला गेला; हुंडा, दारू, मुलींचे शिक्षण, घरातील भांडणे पुढे आली आणि मालिका तुफान लोकप्रिय झाली. यावरून काय शिकावे? लोक विषयाला कंटाळले नव्हते, उपदेशाला कंटाळले होते. पाच मुले झाल्याचा पश्चात्ताप पडद्यावर दिसला. पण पाचवे टाळायचे कसे, हे कोणी घरातल्या भाषेत सांगितले नाही.

जाहिरातींचेही तेच झाले. 'निरोध' आणि 'माला-डी' यांच्या जाहिरातींत हसरे जोडपे, दोन गोजिरवाणी मुले आणि लाल त्रिकोण दिसे. चाळीत एका घरी टी.व्ही. आणि समोर वीस माणसे. जाहिरात लागली की कोणीतरी उठून आवाज कमी करी. मुलांनी विचारले तर 'ते मोठ्यांचे औषध आहे' एवढेच उत्तर मिळे. १९९१ मध्ये 'कामसूत्र' या निरोधाच्या जाहिरातीने खळबळ उडवून दिली आणि दूरदर्शनने ती नाकारली. म्हणजे एका बाजूला सरकारी जाहिरात, जिच्यात काहीच कळत नाही. दुसऱ्या बाजूला व्यापारी जाहिरात, जिच्यात चेतावणी आहे पण शिकवण नाही. मधली जागा, म्हणजे शांतपणे समजावून सांगण्याची जागा, रिकामीच राहिली.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना दिली, की निरोधाच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत दाखवाव्यात. टीका झाल्यावर काही दिवसांतच खुलासा झाला, की ज्या जाहिरातींत उत्तान काही नाही त्यांना हे बंधन नाही. मात्र ज्या वस्तूचा सरकारने पन्नास वर्षे प्रचार केला, तीच वस्तू दिवसा दिसू नये असे वाटणे, यातच आपला गोंधळ दिसतो.

चांगले प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मार्च २०१४ मध्ये दूरदर्शनवर 'मैं कुछ भी कर सकती हूँ' ही मालिका आली. मुंबईतील नोकरी सोडून आपल्या गावी परतणाऱ्या डॉ. स्नेहा माथुर हिची ती कथा. बालविवाह, दोन मुलांतील अंतर, पुरुषाची जबाबदारी हे विषय तिने उघडपणे घेतले. मराठीत २०१३ मध्ये 'बालक-पालक' हा चित्रपट आला. शहाणी होऊ पाहणारी मुले चुकीच्या ठिकाणाहून माहिती मिळवतात, कारण पालक बोलत नाहीत, हे त्याने हसत-हसत पण नेमके सांगितले.

शाळेचा दरवाजा

खरी कसोटी शाळेत होती. एड्सच्या प्रसारानंतर केंद्र सरकारने २००५ मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी सुरू केला. २००७ मध्ये त्यावर गदारोळ झाला. साहित्यातील चित्रे अश्लील आहेत, मुले बिघडतील, संस्कृती बुडेल, असे आक्षेप आले. महाराष्ट्र विधानसभेत आमदारांनी पक्षभेद विसरून विरोध केला आणि राज्यात कार्यक्रम थांबविण्यात आला. मध्य प्रदेश, कर्नाटक, छत्तीसगड आदी राज्यांतही तेच झाले. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण देऊ नये असा अभिप्राय दिला. १९३४ मध्ये न्यायालयात जो आक्षेप कर्व्यांवर घेतला गेला, तोच सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी शिक्षकांच्या हातातील पुस्तिकेवर घेतला गेला.

त्यानंतर बंद दार थोडे किलकिले झाले. जानेवारी २०१४ मध्ये १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. २०२० मध्ये केंद्राने शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रजनन आरोग्याचा समावेश केला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्वांगीण लैंगिक शिक्षणाची गरज प्रतिपादन केली. आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजनन आणि ऋतुचक्राचा भाग आहे. पण तो पुष्कळ ठिकाणी 'घरी वाचून या' म्हणून संपतो, हे विद्यार्थी आम्हाला सांगतात.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे पाहा. देशात दर स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या २.० वर आली आहे. महाराष्ट्रात ती १.७ आहे. म्हणजे 'संख्या' आटोक्यात आली. पण कोणाच्या जिवावर? देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, बिनटाक्याची, थोड्या वेळाची असूनही हे चित्र आहे. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. पाचांत एकीहून अधिक!

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आमच्यासारख्यांना हेच चित्र निराळ्या रीतीने दिसते. शस्त्रक्रियेचे शासकीय पैसे खात्यावर जमा झाले का, हे विचारायला येतात त्या भगिनीच. वय पाहावे तर पंचवीसच्या आसपास. पासबुक छापून घेतात, आणि पैसे काढण्याची स्लिप पुष्कळदा सोबतचा नवरा भरतो. मुले होऊन शस्त्रक्रिया होईपर्यंत मधली कोणतीही साधने त्यांना कोणी समजावून सांगितलेली नसतात. लग्न, लागोपाठ मुले आणि मग टाके, एवढाच मार्ग त्यांना ठाऊक असतो.

विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे

लेख केवळ इतिहासात संपू नये, म्हणून थोडी मूलभूत माहिती येथे देत आहोत. अधिक माहिती डॉक्टर अथवा आरोग्य सेविका यांच्याकडूनच घ्यावी.

१) ऋतुचक्र साधारण २८ दिवसांचे असते, २१ ते ३५ दिवसही सामान्यच. पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी बीजांड बाहेर पडते. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून 'सुरक्षित दिवसां'वर भरवसा ठेवता येत नाही. पहिल्याच संबंधातूनही गर्भ राहू शकतो. पाळी हा विटाळ नसून शरीराचा नियमित व्यवहार आहे.

२) मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरते. मुली झाल्या म्हणून सुनेला दोष देणे हे निव्वळ अज्ञान होय.

३) निरोध हे गर्भ आणि लैंगिक रोग या दोहोंपासून संरक्षण देणारे साधन आहे. तांबी, गोळ्या वा इंजेक्शन रोगापासून वाचवीत नाहीत.

४) शासकीय दवाखान्यात निरोध, 'माला-एन' ही रोजची गोळी, 'छाया' ही संप्रेरकविरहित गोळी, 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आणि तांबी विनामूल्य मिळतात. 'छाया'तील औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधले आहे. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी; ती नेहमीचे साधन नव्हे.

५) पुरुष नसबंदीने शक्ती किंवा पौरुष कमी होत नाही. शस्त्रक्रियेनंतर तपासणी होईपर्यंत, साधारण तीन महिने, दुसरे साधन वापरावे लागते.

६) लग्नाचे कायदेशीर वय मुलीस १८, मुलास २१. २०१२ च्या 'पोक्सो' कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा संमती असली तरी गुन्हा आहे. सतरा वर्षांच्या मुला-मुलींना हे कोणी सांगत नाही, आणि कळते ते पोलीस ठाण्यात.

७) गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका, तर ठरावीक प्रकरणांत २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही समान हक्क असल्याचे स्पष्ट केले. म्हणून घाबरून भोंदू वैदूकडे जाण्याचे कारण नाही.

आक्षेप आणि उत्तरे

'मुलांना सांगितले तर ती बिघडतील', हा पहिला आक्षेप. मुलांच्या हातात मोबाईल आहे. न सांगितल्याने ती अजाण राहत नाहीत. ती वाईट शिक्षकाकडे जातात. जगभरातील अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे, की अशा शिक्षणाने लैंगिक संबंधांचे प्रमाण वाढत नाही.

'हे शीलाच्या विरुद्ध आहे', हा दुसरा आक्षेप. पंचशीलातील तिसरे शील आपण दर पौर्णिमेला घेतो. मिथ्याचारापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा ज्याने केली, त्याला मिथ्याचार म्हणजे काय हे नको का कळायला? फसवणूक, बळजबरी, अल्पवयीनाचा गैरफायदा हे सर्व त्यात येते, असे मुलांना समजावून सांगावेच लागेल.

'आपली संख्या कमी करण्याचा हा डाव आहे', हा तिसरा आक्षेप. आणीबाणीचा अनुभव पाहता ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सक्तीला आपला विरोध असलाच पाहिजे. परंतु ज्ञान आणि सक्ती या एक गोष्टी नव्हेत. १९३८ चा ठराव आपल्याच नेत्याच्या पक्षाने आणला होता, आणि त्यात स्त्रीच्या इच्छेला पहिले स्थान होते.

आपण काय करू शकतो?

सरकार केव्हा निर्णय घेईल याची वाट पाहण्याचे कारण नाही. विहार, वसतिगृह, महिला मंडळ या आपल्या हातातील जागा आहेत. आमच्या सूचना अशा :

उन्हाळी शिबिरात आरोग्य सेविकेचे वा डॉक्टरांचे एक सत्र ठेवावे. ते मुलींपुरते न ठेवता मुलांसाठीही ठेवावे. त्याआधी पालकांची एक सभा घ्यावी, म्हणजे गैरसमज राहणार नाहीत. लग्न ठरलेल्या जोडप्यांना दोन मुलांतील अंतर व साधने यांची माहिती वधू-वर मेळाव्यातच द्यावी. पुरुष सभासदांनी नसबंदीविषयी आपसात मोकळेपणाने बोलावे. हा भार बायकांवर टाकून मोकळे होऊ नये. आणि १८ वर्षांच्या आतील मुलीच्या लग्नाला संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी जाऊ नये, मग घर कितीही जवळचे असो.

शेवटची सूचना खर्चाची नाही. विहाराच्या दाराशी एक प्रश्नपेटी ठेवावी. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून एका संपादकाला १९३४ मध्ये दंड भरावा लागला. आज आपल्याला कोणी दंड करणार नाही. पेटीला कुलूप असावे, चिठ्ठीवर नाव नसावे, उत्तर जाणकाराने द्यावे, आणि प्रश्न कितीही साधा असला तरी तो वाचताना कोणी हसू नये.